तिरडीला शंभर खांदे, उशाशी कोण?

वसाहतीत पहाटे कोणी गेले की तासाभरात दारापुढे चपलांचा ढीग साचतो. कोणी वैकुंठरथासाठी दूरध्वनी करतो, कोणी दाखल्यासाठी डॉक्टरांकडे धावतो, कोणी बांबू, मडके, गोवऱ्या यांची जुळवाजुळव करतो. शेजारणी न सांगता चहाचे आधण ठेवतात. दुपारी पिठले-भाताचे डबे येतात. परगावच्या मुलाला स्थानकावरून आणण्यासाठी गाडी गेलेली असते. कार्यकर्ता तर अशा वेळी घड्याळाकडे पाहतही नाही. त्या एका दिवशी मराठी मध्यमवर्गीय समाज ज्या शिस्तीने आणि आपुलकीने वागतो, त्याचा कोणालाही अभिमान वाटावा.

मात्र त्याच घराची आधीच्या चार महिन्यांची हकिकत कोणी विचारत नाही. ‘आता घरी न्या’ असे सांगून रुग्णालयाने पाठवलेला म्हातारा आतल्या खोलीत पडून होता. पहिल्या आठवड्यात लोक नारळपाणी आणि सफरचंदे घेऊन आले, दहा मिनिटे टेकले, ‘लवकर बरे व्हा’ म्हणाले आणि गेले. दुसऱ्या महिन्यात दाराची घंटा वाजेनाशी झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, चमच्याने पाणी पाजायचे, पाठीवरची जखम धुवायची, कण्हणे ऐकत रात्र काढायची, हे सारे एका बाईने केले. ती बहुधा पत्नी असते किंवा सून. मेलेल्या माणसाला शंभर खांदे देणारा समाज मरत असलेल्या माणसापाशी एका बाईला सोडून देतो आणि तरीही स्वतःला कुटुंबवत्सल म्हणवून घेतो. या विसंगतीकडे स्वच्छ डोळ्यांनी पाहण्याची वेळ आली आहे.

पैसे घेऊन सोबत?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेल्या दोन दशकांत ‘एंड ऑफ लाइफ डूला’ नावाची एक सेवा रुजली आहे. ‘डूला’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ दासी किंवा सेविका. बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देणाऱ्या स्त्रीसाठी तो तिकडे आधी प्रचारात आला. जन्माच्या वेळी जशी सोबत लागते तशीच मरणाच्या वेळीही लागते, हे ओळखून हेन्री फर्स्को-वाइस या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याने २००३ साली न्यूयॉर्कमधील एका हॉस्पिसमध्ये स्वयंसेवकांना तसे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. २०१५ मध्ये त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. आज तिकडे काही डूला विनामूल्य काम करतात, तर अनेक जणी तासाचे किंवा दिवसाचे शुल्क घेतात.

डूला औषध देत नाही, सुई टोचत नाही, मृत्यू घडवून तर मुळीच आणत नाही. ती मरणाऱ्याजवळ बसते आणि त्याचे ऐकते. शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात, खोलीत कोण असावे, कोणते संगीत लागावे, कोणाची क्षमा मागायची राहिली आहे, नातवंडांसाठी कोणते पत्र लिहून ठेवायचे आहे, हे ती त्याला विचारते आणि त्याची इच्छा घरच्यांपर्यंत पोहोचवते. शेवटच्या काही दिवसांत ती आळीपाळीने जागणाऱ्यांची व्यवस्था लावते, श्वासाची लय का बदलते, घशात घरघर का होते, हातपाय गार का पडतात, हे घरच्यांना आधीच समजावते, म्हणजे ते घाबरून रुग्णवाहिका बोलावत नाहीत. माणूस गेल्यावरही ती काही काळ त्या घराच्या संपर्कात राहते.

हे वाचून येथील सुशिक्षित कुटुंबप्रमुखाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘पाहा, काय ही पाश्चात्त्यांची दशा! आईबापांच्या मरणाला परकी बाई भाड्याने आणावी लागते. आपल्याकडे असले काही नाही. आपल्याकडे कुटुंब आहे.’ एवढे बोलून तो समाधानाने वर्तमानपत्राचे पान उलटतो. हे समाधान खोटे आहे. व्यापारी सेवेवरचा आक्षेप रास्त असेलही, परंतु तो घेण्याचा अधिकार आधी कमवावा लागतो.

काचेपलीकडचा मृत्यू

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोणत्याही शहरातील अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर एक रात्र काढून पाहावी. आत ऐंशी वर्षांचे वडील आहेत. नाकात नळी, घशात नळी, आणि नळ्या उपसू नयेत म्हणून हात बांधलेले. भेटीची वेळ सकाळी दहा मिनिटे आणि सायंकाळी दहा मिनिटे, तीही एका वेळी एकालाच. बाहेर मुलगा, मुलगी, जावई, पुतणे बसलेले. रात्री दोन वाजता एक तरुण डॉक्टर कागद घेऊन येतो आणि विचारतो, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ या प्रश्नाचा विचार त्या कुटुंबाने आयुष्यात कधी केलेला नसतो. वडिलांना तो कधी विचारलेला नसतो. मग ठरलेले उत्तर येते, ‘जे करता येईल ते सगळे करा, डॉक्टर.’

या ‘सगळे करा’मध्ये प्रेम असते, यात शंका नाही. पण त्यात भीतीही असते. ‘बापासाठी पैसा सोडला नाही’ असे चार लोकांनी म्हणावे, ही ती भीती. अमेरिकेतला मुलगा अपराधी भावनेपोटी तिकडून आग्रह धरतो, इकडचा मुलगा त्याला विरोध करण्यास धजत नाही आणि रुग्णालयाचे देयक वाढत जाते. बरे होण्याची शक्यता असेल तेथे हाच विभाग माणसे वाचवतो, त्याचे मोल कोणी नाकारू नये. प्रश्न आहे तो डॉक्टरांनाही आशा उरलेली नसते तेव्हाचा. अशा वेळी मुखात गंगाजल नाही, कानावर नाम नाही, हातात कोणाचा हात नाही, अशा अवस्थेत यंत्राच्या पट्टीवरची रेषा सरळ होते. ज्या समाजाने पैसे देऊन सोबत आणणाऱ्याची कीव करावी, त्याच समाजात पैसे देऊन एकांत विकत घेतला जात आहे.

‘त्यांना सांगू नका’

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कर्करोगाचे निदान झाले की घरचा पहिला निर्णय असतो, ‘त्यांना काही सांगू नका.’ मग नाटक सुरू होते. अहवाल लपवले जातात, डॉक्टरांना खुणा केल्या जातात, ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते. आजारी माणसाला बहुधा सगळे समजलेले असते, पण घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तोही न समजल्याचे सोंग घेतो. नवरा-बायको पन्नास वर्षांच्या संसारानंतर शेवटचे तीन महिने एकमेकांशी खोटे बोलण्यात घालवतात. निरोप घेणे राहून जाते.

याला लोक ‘आपली संस्कृती’ म्हणतात. ही आपली संस्कृती नव्हे. आतुरसंन्यास, अखेरचे दान, तुळशीपत्र, गंगाजल, या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते म्हणजे जाणाऱ्याला आपण जात आहोत हे ठाऊक आहे. गीतेचा आठवा अध्याय प्रयाणकाळाचा विचार करतो. कठोपनिषदातील नचिकेत हा कोवळा मुलगा प्रत्यक्ष यमाला मृत्यूबद्दल विचारतो. आणि भागवत म्हणजे तरी काय? सात दिवसांनी मृत्यू येणार हे कळलेला परीक्षित राजा गंगेच्या काठी बसतो आणि मरणाऱ्या माणसाने काय करावे, असे विचारतो. शुकाचार्य त्याला ‘काही होणार नाही, बरे व्हाल’ असे सांगत नाहीत. ते सात दिवस त्याच्यापाशी बसतात. घरोघरी ज्या ग्रंथाचे सप्ताह होतात, तो ग्रंथ मरणाच्या दारी बसलेल्या एका माणसाला दिलेली सोबत आहे. सप्ताहाच्या महाप्रसादाला हजार पाने उठतात, पण शेजारच्या घरातील परीक्षिताजवळ सात दिवस बसायला कोणी मिळत नाही.

महाभारतातील भीष्मांचे उदाहरण तर आजच्या प्रत्येक रुग्णालयात सांगावे असे आहे. शरशय्येवर पडलेल्या पितामहांची मान लोंबकळत होती. राजांनी मऊ उशा आणल्या, त्या त्यांनी नाकारल्या. अर्जुनाने बाणांची उशी दिली, ती स्वीकारली. तहान लागली तेव्हा राजांनी आणलेले जल नको म्हणून त्यांनी अर्जुनालाच बोलावले. दुर्योधन शल्य काढण्यात निष्णात असलेले वैद्य घेऊन आला, तेव्हा भीष्मांनी त्यांचा सन्मान करून त्यांना परत पाठवण्यास सांगितले. मरणाऱ्याला काय हवे हे त्यालाच विचारावे लागते, आणि त्याने उपचार नाकारले तर तो अपमान समजायचा नसतो, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्यांनी आजारी माणसापासून त्याचाच अहवाल लपवावा? अर्वाचीन महाराष्ट्रानेही हा विषय कधी निषिद्ध मानलेला नाही. १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकर आणि १९८२ साली पवनार येथे आचार्य विनोबा भावे, विचारांच्या दोन टोकांवरची ही माणसे, मृत्यूला डोळे उघडे ठेवून सामोरी गेली. त्यांचा मार्ग सर्वांसाठी नाही, परंतु त्यांची निर्भयता सर्वांसाठी आहे.

एकत्र कुटुंबाची दुसरी बाजू

‘एकत्र कुटुंब होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता,’ हे विधान सभांमधून टाळ्या घेते. ते अर्धेच खरे आहे. वाड्यात माणसांचा वावर होता, मुले आजोबांच्या खाटेभोवती खेळत, मृत्यू घरातच येई आणि पाहिला जाई, हे खरे. पण रात्री उठून मळलेले धोतर कोण बदलत असे? वाड्यातील विधवा आत्या, थोरली सून, परकरी वयाची नात. तिला कोणी विचारले नव्हते, तिला कोणी सोडवायला येत नव्हते आणि तिच्या कष्टांची नोंद कोठे झाली नाही. त्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे श्रेय मात्र सर्वांनी वाटून घेतले.

आज ती सून नोकरी करते आणि ते योग्यच आहे. घरे दोन खोल्यांची झाली. मुले शिकून बंगळुरूला, कॅलिफोर्नियाला गेली, तीही आईबापांनीच अभिमानाने पाठवली. कोथरूड, डोंबिवली, ठाणे येथील कित्येक सदनिकांत सत्तरी ओलांडलेले पतीपत्नी दोघेच राहतात. त्यांतील एकाच्या अंतकाळी दुसऱ्याचे वय, गुडघे आणि दृष्टी यांनी कितपत साथ द्यावी? यावर जुन्या दिवसांचे उमाळे काढणे हा उपाय नव्हे. कुटुंब लहान झाले असेल तर त्याच्या पाठीशी उभा राहणारा समाज मोठा झाला पाहिजे.

तो झाला नाही, म्हणून बाजार आला. प्रत्येक शहरात माणसे पुरवणारी केंद्रे निघाली. बारा तासांच्या पाळीने खेड्यांतून आलेल्या गरजू बाया आणि मुले परक्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बसतात. त्यांच्यातील अनेक जण घरच्यांपेक्षा मायेने करतात. पण जखम कशी धुवावी, वेदना कशी ओळखावी, मरणाच्या वेळी काय होते, यांपैकी त्यांना बहुधा कोणी काही शिकवलेले नसते. ज्या घरात पैसा नाही तेथे तर तेवढेही मिळत नाही. उद्या पाश्चात्त्य धर्तीची डूला येथे आली, तर तीही श्रीमंतांच्या घरी ठरावीक दराने येईल आणि चाळीतला, झोपडीतला, पाड्यावरचा माणूस होता तेथेच कण्हत राहील. म्हणून डूलेची नक्कल नको. पण तिने ओळखलेली गरज खरी आहे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

ज्यांनी करून दाखवले

लंडनमध्ये १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलंडहून आलेला निर्वासित ज्यू कर्करोगाने मरण पावला. त्याचे तेथे कोणी नव्हते. त्याच्याजवळ बसत असे ती सिसिली साँडर्स ही समाजसेविका. जाताना त्याने तिला पाचशे पौंड ठेवले आणि तुझ्या घरातली एक खिडकी मी होईन, असे सांगितले. ते घर उभारायला तिला १९ वर्षे लागली. त्यासाठी ती वयाच्या तिशीनंतर डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हा तिचा सिद्धांत आज जगभरच्या वेदनाशामक शुश्रूषेचा पाया आहे.

भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतच आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन डॉ. एल. जे. डिसूझा या कर्करोगतज्ज्ञांनी १९८६ साली सुरू केले. गोव्यातही त्याची शाखा आहे. तेथे धर्म न विचारता, पैसे न घेता अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची सेवा होते. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र असेच काम करीत आहे. काशीत १९५८ पासून मुक्तिभवन आहे. तेथे मरणासन्न माणसाला घेऊन कुटुंब येते, साधारण दोन आठवडे राहते आणि भजनाच्या स्वरांत माणूस देह ठेवतो. इतरांच्या सेवाकार्यावर शंका घेणाऱ्यांनी आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, आपल्या नगरातील किती मरणासन्न माणसांच्या खोलीत आपण शिरलो?

सर्वांत मोठा धडा केरळने दिला आहे. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे एक छोटे केंद्र सुरू केले. रुग्णालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी वस्तीवस्तीतील सामान्य माणसांना शिकवायला आरंभ केला. दुकानदार, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, रिक्षावाले यांनी प्रशिक्षण घेतले, आठवड्यातील दोन-तीन तास दिले, आपल्याच गल्लीतील खाटेवरच्या माणसांची यादी केली. परिचारिका घरी जाऊ लागली, तिच्याबरोबर स्वयंसेवक जाऊ लागले. खर्च मुख्यतः लहान लहान देणग्यांतून उभा राहिला. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. तेथे कोणता पक्ष सत्तेवर होता, याची चर्चा करीत बसण्यापेक्षा ते कसे केले हे शिकून घेणे शहाणपणाचे आहे. समाजाच्या बळावर काम उभे करणे ही आपली पद्धत, असे जे म्हणतात, त्यांनी तर हे सर्वांआधी करायला हवे होते.

महाराष्ट्राकडे स्वतःचे उदाहरण नाही असे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधील पाशवी हल्ल्यानंतर जाणीव हरपलेल्या अवस्थेत ४२ वर्षे जगल्या. नातेवाईक पांगले. पण रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, त्यांच्याशी बोलत राहिल्या. इतकी वर्षे खाटेवर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हता, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. २०१५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेत त्या परिचारिका होत्या. ‘परका माणूस आपल्या माणसाचे काय करणार?’ असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

आक्षेप आणि उत्तरे

‘हे म्हणजे मागच्या दाराने दयामरण आणणे आहे,’ असा एक आक्षेप येतो. तो चुकीचा आहे. मरणाऱ्याची वेदना कमी करणे आणि त्याला मारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. विषारी सुई देऊन मृत्यू घडवणे भारतात गुन्हाच आहे. मात्र निरर्थक उपचार लादून घेऊ नयेत, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. पूर्वीची न्यायदंडाधिकाऱ्यांची अट गेली. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे पत्र नोंदवून पायंडा पाडला. मुलीच्या लग्नाची यादी सहा महिने आधी करणाऱ्या कुटुंबांनी हे एक पान लिहायला काय हरकत आहे? रात्री दोन वाजता मुलाच्या हाती येणारा कागद त्यामुळे हलका होईल.

‘मॉर्फीन दिले की माणूस व्यसनी होतो,’ हा दुसरा आक्षेप. चार महिन्यांचे आयुष्य उरलेल्या, हाडांत कर्करोग पसरलेल्या माणसाला व्यसनाची भीती घालून तडफडत ठेवणे ही क्रूरता आहे. मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून औषध बनते आणि त्याच देशातला रुग्ण वेदनेने ओरडत मरतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे हे औषध दुर्मीळ झाले होते. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ती वाट मोकळी केली. पण जिल्ह्याच्या गावी ते मिळते का, लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे का, हे विचारायला कोणी जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार अशा शुश्रूषेची गरज असणारे लोक दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख, आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. उरलेल्यांमध्ये आपल्याच गल्लीतले लोक आहेत. निवेदने देण्याची हौस असणाऱ्यांना येथे भरपूर वाव आहे.

‘घरात मरणाच्या गोष्टी बोलणे अशुभ,’ हा तिसरा. तेराव्याच्या जेवणाची चर्चा अशुभ नाही, मृत्युपत्रावरून झालेले भाऊबंदकीचे खटले अशुभ नाहीत, आणि वडिलांना ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारणे तेवढे अशुभ?

‘वेळ नाही,’ हा शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप. तो प्रामाणिकपणे मांडला तर त्यावर मार्ग आहे. एका माणसाला चार महिने वेळ नसतो. दहा माणसांना आठवड्यातून दोन तास असतात.

एका वहीपासून प्रारंभ

या कामासाठी नवे भवन नको, कोनशिला नको, व्यासपीठ नको. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्याची केंद्रे आहेत. अनामत रक्कम घेऊन तेथून खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र दिले जाते. परळला १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती रुग्ण आणि नातेवाइकांचा आधार बनली आहे. हा वारसा लहान नाही. परंतु या साहित्य केंद्रांत एक वही असते. तिच्यात नाव, पत्ता आणि दिलेली वस्तू लिहिलेली असते. काही महिन्यांनी खाट परत येते, अनामत परत जाते, नावापुढे खूण होते. माणूस गेला, हे केंद्राला कळते ते तेव्हा. ती वही म्हणजे त्या नगरातील मरणासन्न माणसांची यादीच आहे. इतकी वर्षे ती यादी हाताशी होती आणि तिच्यातून केवळ खाटांचा हिशोब ठेवला गेला.

त्या वहीतील पत्त्यांवर आता जावे. प्रत्येक नगरात दहा-बारा स्त्री-पुरुषांचा एक गट असावा. त्यांनी जवळच्या वेदनाशामक केंद्रातून रीतसर प्रशिक्षण घ्यावे, कारण कळकळ असली तरी अज्ञानाने अपायच होतो. एक परिचारिका आणि एक डॉक्टर पाठीशी असावेत. कोणत्या घरी कोण केव्हा जाईल हे ठरलेले असावे. गेल्यावर उपदेश करू नये, उपचार सुचवू नयेत, ‘माझ्या मेव्हण्याला असेच झाले होते’ ही कथा सांगू नये. घरच्या बाईला सांगावे, ‘ताई, दोन तास मी येथे आहे. तुम्ही झोपा, नाहीतर देवळात जाऊन या.’ आजारी माणसाजवळ खुर्ची ओढून बसावे. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे, नसेल तर गप्प राहावे. त्याच्या श्रद्धेप्रमाणे त्याला हरिपाठ हवा असेल तर म्हणावा, जुने नाट्यगीत हवे असेल तर लावावे, काहीच नको असेल तर हात हातात घ्यावा. घर कोणाचे, जात कोणती, पंथ कोणता, मत कोणाला देतात, हे प्रश्न त्या उंबरठ्याबाहेर ठेवावेत. पुरुषांनी विशेषकरून हे शिकावे. तिरडी बांधणे हे पुरुषाचे काम आणि मळलेली चादर बदलणे हे बाईचे, ही वाटणी कोणत्याही शास्त्रात सांगितलेली नाही.

२०२० आणि २०२१ च्या महासाथीत नातेवाईक जवळ येऊ शकत नव्हते, तेव्हा अनेक शहरांत कार्यकर्त्यांनी अनोळखी माणसांचे अंत्यसंस्कार केले. जिवाची पर्वा न करता केलेले ते काम समाज विसरलेला नाही. ज्यांना निष्प्राण देहाजवळ जाण्याचे भय वाटले नाही, त्यांनी जित्या माणसाजवळ बसायला का कचरावे? एवढेच की या कामाची छायाचित्रे निघणार नाहीत, त्याचा वृत्तांत छापून येणार नाही आणि ज्याची सेवा केली तो आभार मानायलाही उरणार नाही. कसोटी आहे ती येथेच.

आज सायंकाळीही कोठल्या तरी दुसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत, एक माणूस छताकडे पाहत पडला आहे आणि त्याची बायको दाराच्या घंटेकडे कान लावून आहे. त्याचा पत्ता वहीत आहे. तो गेल्यावर शंभर जण येतील याची तिला खात्री आहे. त्याआधी एकाने यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.